रुग्णालयाचे दफ्तर : एका अपरिचित व्यवसायाची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्यवसायमार्गदर्शन मालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या व्याख्यानासाठी आमच्याकडे शब्द टाकला, तेव्हा सोबत एक तक्रारही सांगितली. सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी मंडळाचा इतिहास लिहावयास घेतला, तो सहाव्या वर्षापासून नवव्या वर्षापर्यंतचे इतिवृत्तच मिळेना. त्या वेळचे कार्यवाह बदलून गेले. वही त्यांच्या ट्रंकेत गेली असे कोणी म्हणतात, वाळवीने खाल्ली असे कोणी म्हणतात. गणेशोत्सव झाले हे खरे, कारण मूर्तीपुढची छायाचित्रे आहेत. पण नाटक कोणते बसवले आणि वर्गणी किती जमली याला आधार नाही. "तुम्ही जन्मभर कागदच सांभाळलेत, तुम्हीच उपाय सांगा," असे चिटणीस म्हणाले. त्या चार वर्षांना आमच्यापाशी उपाय नाही. परंतु ज्या दफ्तरात आमची नोकरी झाली, तेथे कागद वेळेवर न सापडला म्हणजे काय होते, हे आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. तेच प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कोरडे वाटणार नाही.

गोष्ट १९७९ सालची. आम्ही तेव्हा परप्रांतातील एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणीखिडकीवर कारकून होतो. महाराष्ट्रात ज्याला लोक 'केसपेपर काढणे' म्हणतात, ते काम. एका पावसाळी रात्री आपल्याच समाजातील एक तरुण स्त्री बाळंतपणासाठी आली. कळा चालू होत्या, बाळ अडले होते, शस्त्रक्रिया तातडीने करणे भाग होते. आम्ही विचारले, "पूर्वी येथे नाव घातले आहे का?" नवरा घाबरलेला, तो म्हणाला, "नाही." आम्ही अनुक्रमणिकेची कार्डे चाळली, त्या नावाचे कार्ड नव्हते, म्हणून नवा क्रमांक दिला आणि नवा कागद वर पाठवला. यात आमचे दोन मिनिटे गेली असतील.

भूल देताना स्नायू सैल पडावेत म्हणून स्कोलीन नावाचे औषध त्या काळी सर्रास टोचत. त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. पण काही माणसांच्या रक्तात ते औषध मोडणारे द्रव्य जन्मतःच सदोष असते. असा मनुष्य एरवी ठणठणीत दिसतो. त्याला स्कोलीन दिले तर मात्र श्वासाचे स्नायूदेखील तासन्‌तास हलत नाहीत. बाळ सुखरूप जन्मले. आई श्वास घेईना. भूलतज्ज्ञ आणि त्यांचा मदतनीस यांनी आळीपाळीने रबरी पिशवी हाताने दाबून तिला पहाटेपर्यंत श्वास पुरवला. उजाडता उजाडता तिची बोटे हलली.

पोटावर उजव्या बाजूला जुनी खूण होती. सकाळी वडील सर्जनांनी नवऱ्याला पुन्हा खोदून विचारले, तेव्हा तो म्हणाला की लहानपणी तिचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले होते असे ऐकले आहे. कुठे ते ठाऊक नाही. तिचे वडील पूर्वी याच गावी नोकरीस होते आणि निवृत्त होऊन देशी परतले होते. आम्ही खाली आलो, तिचे माहेरचे नाव व माहेरचे आडनाव घेऊन कार्डे पाहिली. फाईल अर्ध्या तासात निघाली. ती हरवलेली नव्हती. आपल्या क्रमांकाखाली, आपल्या फळीवर, फीत बांधलेली होती. आत अकरा वर्षांच्या मुलीच्या भुलीच्या कागदावर तांबड्या शाईने लिहिले होते, की स्कोलीननंतर श्वास पाच तास परत आला नाही, पुन्हा कदापि देऊ नये.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पुष्कळ घरांत तिचे पाळण्यातले नावही बदलते. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? आमच्याच घरी तसे झाले होते. त्या बाईच्या नवऱ्याला 'नाव घातले आहे का' असे विचारण्याऐवजी 'लग्नापूर्वीचे नाव काय' असे विचारले असते तर ती रात्र टळली असती. ते नवे कार्ड आमच्या हातचे होते. कोणी आम्हांला दोष दिला नाही, कारण खिडकीवरच्या कारकुनाकडून कोणाची तशी अपेक्षाच नव्हती. ती नसावी याचेच आम्हांला अधिक वाईट वाटले. आणि त्याच वर्षी आम्ही या विषयाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज केला.

या विषयाला पूर्वी 'मेडिकल रेकॉर्ड' म्हणत; आता 'आरोग्य माहिती व्यवस्थापन' असे भारदस्त नाव आले आहे. नाव काहीही असो, काम समजून घेतले पाहिजे. मराठी माणसाला ते परके वाटू नये. ज्यांची आडनावेच फडणीस, चिटणीस, सबनीस, दफ्तरदार अशी आहेत, त्यांच्या पूर्वजांनी दुसरे काय केले? समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. आमच्या सर्व डॉक्टरमित्रांनी तो अक्षराच्या वळणासाठी तरी वाचावा अशी आमची जुनी इच्छा आहे.

रुग्ण घरी गेला म्हणजे त्याचे कागद आमच्याकडे येतात, आणि आमचे काम तेथून सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. काम खिडकीपासून सुरू होते: हा मनुष्य कोण, आणि तो पूर्वी आला होता का? एका माणसाला जन्मभर एकच क्रमांक व एकच फाईल असावी, ही कल्पना अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टरांनी १९०७ मध्ये अमलात आणली. त्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरची स्वतःची खातेवही असे आणि रुग्ण तीत विखुरलेला असे. आज ऐकताना ही गोष्ट साधी वाटते; आपल्या देशातील किती दवाखान्यांत ती अजून उतरलेली नाही, हे आपण स्वतःच्या घरातील प्लास्टिकच्या पिशव्या उघडून पाहावे.

नंतर येते रचना. दररोज मध्यरात्रीची खाटगणती, म्हणजे कोणत्या कक्षात किती रुग्ण निजलेले आहेत त्याचा मेळ. घरी गेलेल्यांच्या कागदांची तपासणी, सही राहिली का, शस्त्रक्रियेचे टिपण आहे का, संमतिपत्र आहे का. जे अपुरे असेल त्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागणे. या शेवटच्या कामात आमच्या चपला झिजल्या. मग फाईल फळीवर लावणे. यातही युक्ती आहे. समजा क्रमांक ४५-२७-८३ असा आहे. नवशिका मनुष्य तो डावीकडून वाचील. आम्ही उजवीकडून वाचतो: प्रथम ८३ क्रमांकाचा विभाग, त्यात २७, त्यात ४५. डावीकडून लावले तर सगळ्या नव्या फाइली एकाच टोकाला गर्दी करतात आणि तेथे चार माणसे एकमेकांना धक्के देतात. उजवीकडून लावले म्हणजे त्या शंभर विभागांत सारख्या पसरतात, आणि प्रत्येक विभाग एकेका माणसाकडे सोपवता येतो. संगणकाने ही फळी पुष्कळ ठिकाणी इतिहासजमा केली, तरी ती कल्पना आम्हांला अजून सुंदर वाटते.

या सर्वांत बुद्धीचे काम म्हणजे रोगाला संकेतांक देणे. जगातील सर्व रोगांची एक वर्गवारी आहे. तिचे मूळ शोधत गेल्यास १६६२ साली लंडनच्या मृत्युनोंदी चाळणाऱ्या जॉन ग्रॉंटपर्यंत जावे लागते. आजच्या रूपाचा पाया झाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये घातला, आणि १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना तिच्या आवृत्त्या काढते. आमची बहुतेक नोकरी नवव्या व दहाव्या आवृत्तीवर गेली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. डॉक्टरांनी 'टायफॉईड' लिहो, 'एन्टेरिक' लिहो की 'विषमज्वर' लिहो, आम्ही लिहिणार एकच: दहाव्या आवृत्तीत ए ०१.०. मग पाटण्याचा विषमज्वर आणि पणजीचा विषमज्वर एकत्र मोजता येतो. मात्र त्यासाठी शरीररचना, रोगांची भाषा, औषधे यांचे ज्ञान लागते. 'एम. एस.' ही दोन अक्षरे घ्या. त्यांचा अर्थ हृदयाच्या झडपेचे आकुंचन असू शकेल, मज्जासंस्थेचा मल्टिपल स्क्लेरॉसिस हा विकार असू शकेल, मॉर्फिन असू शकेल. आणि टिपणाच्या तळाशी असतील तर ती बहुधा सर्जनसाहेबांची पदवी असते. कोणता अर्थ घ्यावा हे पान पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

मृत्यूच्या दाखल्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. रुग्णालयात मृत्यू झाला तर डॉक्टरने नमुना ४ भरून मृत्यूचे कारण द्यावयाचे असते. त्यात ओळींची उतरंड आहे: शेवटी काय झाले, ते कशामुळे झाले, आणि त्याच्याही मुळाशी काय होते. आमच्या हाती येणाऱ्या दाखल्यांपैकी कितीतरींवर एकच वाक्य असे: 'हृदय व श्वसन बंद पडले.' अहो, मरणाऱ्या प्रत्येकाचेच ते बंद पडते! पायाच्या जखमेतून विष रक्तात भिनून गेलेल्या माणसाच्या दाखल्यात तळाच्या ओळीवर मधुमेह यावयास हवा. तो आला नाही तर सरकारच्या हिशेबी तो मनुष्य मधुमेहाने गेलाच नाही, आणि त्या गावाला मधुमेहाच्या दवाखान्याची गरजही दिसत नाही. शिवाय असे दाखलेच मुळात थोडे. २०२० च्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्क्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. बाकीचे लोक कशाने गेले, ते त्यांच्या घरच्यांना ठाऊक.

नीट नोंद ठेवली तर काय होऊ शकते याचे उदाहरण सुदैवाने आपल्याच मुलखात आहे. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकातच सुरू झाली होती. परंतु खेड्यांचे काय? १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परांडा आणि भूम हे तालुके होते. शहरात रुग्ण रुग्णालयात येतो आणि नोंद करणारा तेथे बसून राहतो. खेड्यातली बाई रुग्णालयात येतच नव्हती. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव हिंडले, चावडीवर बसले, कोणती लक्षणे दिसली म्हणजे दुखणे अंगावर काढू नये हे सांगत गेले, आणि नावे लिहीत गेले. त्यातून स्पष्ट झाले की या भागातील बायकांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे. म्हणजे जो वेळेवर दिसला तर टाळता येतो, तोच.

या पायावर पुढची इमारत उभी राहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक प्रचंड अभ्यास झाला. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या, चौथ्या गटाला नेहमीचीच व्यवस्था. आणि मग वर्षानुवर्षे पाठपुरावा, कोणाला रोग झाला, कोण दगावले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: विषाणूची एकच चाचणी ज्या गटात एकदाच झाली, त्यात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या निम्म्याच्या आसपास आले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. पण तो वादसुद्धा नोंदी होत्या म्हणून होऊ शकला. सव्वा लाखावर स्त्रियांपैकी कोण कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेली, कोणाचे नाव बदलले, ही ज्वारीच्या रानातून सायकलवर हिंडून लिहावयाची माहिती कोणा अनाम माणसांनी लिहिली. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात त्यांची नावे येत नाहीत.

आता ज्यासाठी आपण सर्व आज मुलामुलींना घेऊन आला आहात, त्या विषयाकडे वळू. बारावी विज्ञानानंतर आरोग्य माहिती व्यवस्थापनाची पदवी घेता येते. मणिपाल येथे तसा अभ्यासक्रम आहे, आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज या विषयाच्या शिक्षणासाठी फार पूर्वीपासून ओळखले जाते. केंद्र सरकारच्या आरोग्य माहिती संस्थेतर्फे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात व पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर व टेक्निशियन यांचे प्रशिक्षण चालत आले आहे. प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी त्या त्या संस्थेकडूनच माहिती घ्यावी. शेजाऱ्याच्या पुतण्याच्या सांगण्यावर जाऊ नये. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्याच्या परिशिष्टातील दहावा वर्ग आमचा आहे. डॉक्टर व परिचारिका यांना जशी कायद्याची ओळख असते, तशी आम्हांला मिळावयास स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे लागली. असो.

नोकऱ्या कोठे आहेत? रुग्णालयांत तर आहेतच. विमा कंपन्यांत आहेत. आयुष्मान भारतसारखी योजना २०१८ मध्ये आल्यापासून दाव्यांचे कागद तपासणाऱ्यांची गरज वाढली आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. संगणकाची आवड असलेल्या मुलांनी तिकडे पाहावे. आणि चेन्नई, हैदराबाद अशा शहरांतून अमेरिकेतील रुग्णालयांच्या बिलांसाठी संकेतांक देणाऱ्या मोठमोठ्या कचेऱ्या आहेत. तेथे आरंभीचा पगार रुग्णालयातील पगारापेक्षा बहुधा बरा असतो, हे आम्ही लपवणार नाही. परंतु तेथे दिवसाला इतकी पाने म्हणजे इतकी पाने, असा घाण्याचा बैल होतो; आणि ज्याचा कागद वाचावयाचा तो रुग्ण सात समुद्रांपलीकडे असतो. दोन-तीन वर्षे तेथे हात घोटून घ्यावा, मग रुग्णालयात यावे, असे आम्ही आमच्या भाचीला सांगितले. तिने पहिले ऐकले. दुसरे अजून ऐकलेले नाही.

हल्ली पालक विचारतात की हे सगळे आता यंत्रच करणार, मग मुलाला यात कशाला घालावे? संगणक टिपण वाचून संकेतांक सुचवतो, हे खरे. साध्या प्रकरणांत तो आमच्याहून वेगाने सुचवतो, हेही खरे. केवळ संकेतांक देण्यावर पोट भरणाऱ्यांना पुढे कठीण जाईल असे आमचेही मत आहे. पण पान अपुरे आहे हे ओळखणे, डॉक्टरांना 'आपण हे का लिहिले नाही' असे अदबीने विचारणे, न्यायालयाचे समन्स आल्यावर मूळ फाईल घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहणे, ही कामे यंत्राकडे गेलेली नाहीत. २०२१ मध्ये देशव्यापी डिजिटल आरोग्य मिशन सुरू झाले आणि प्रत्येकाला चौदा अंकी क्रमांक मिळण्याची सोय झाली. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पण खिडकीवर गर्दी असताना जुना क्रमांक आठवत नाही म्हणून दुसरा काढून देणारा कारकून आम्हांला स्वप्नातही दिसतो, कारण तो पूर्वी आम्हीच होतो.

मुलामुलींनी स्वभावही तपासून पाहावा. आमचा विभाग बहुधा तळमजल्याच्याही खाली असतो, शवागाराच्या शेजारी. पावसाळ्यात भिंतींना ओल येते. मानमरातब बेताचा. आमच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी "मुलगा हॉस्पिटलात म्हणजे काय, कंपाउंडर का?" असे विचारले होते, आणि आमच्या वडिलांना उत्तर सुचले नव्हते. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे गप्प राहणे. परमुलखात आपला समाज लहान. कोणाच्या घरी काय शिजले ते दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवात कळते. आमच्या पत्नीला बायका सहज विचारीत, "अमक्यांच्या सुनेला ॲडमिट केले होते म्हणे, काय निघाले?" तिला खरोखरच ठाऊक नसे. चाळीस वर्षांत आम्ही घरी एकाही फाईलविषयी बोललो नाही. त्यामुळे आम्ही घुमे आहोत अशी मंडळात ख्याती झाली. आज त्या बाईंची गोष्ट सांगितली, ती त्यांना विचारून, आणि नावगाव गाळून.

आणखी एक गोष्ट घरोघरच्या उपयोगाची. आपल्या उपचारांच्या कागदांची प्रत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, आणि दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे सांभाळावेत. तीन वर्षे म्हणजे काहीच नव्हे. बदलीची नोकरी असणाऱ्यांनी गाव सोडण्यापूर्वी प्रत घ्यावीच. मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी नागपुरास, दुसरे सासरी राउरकेल्यास, असे आपल्याकडे चालते. नागपूरचा कागद तिच्यासोबत राउरकेल्यास गेला पाहिजे. भूल दिली असेल तर तिचा कागद मागून घ्यावा, आणि नाव बदलले असेल तर जुने नाव त्यावर लिहून ठेवावे.

त्या बाई आता आजी झाल्या आहेत. दर वर्षी दिवाळीत त्या फराळाचा डबा पाठवतात, आणि डब्यावरच्या चिठ्ठीत स्वतःची दोन्ही नावे लिहितात.

वेळ संपत आला आहे असे अध्यक्षमहाराज खुणेने सांगत आहेत. पुढच्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. अभ्यासक्रमांची माहितीपत्रके व एक जुनी, नावे खोडलेली फाईल तेथे ठेवू, म्हणजे काम कसे असते ते हाताळून पाहता येईल. मुलामुलींनी यावे. पालकांनीही यावे; मात्र प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.